रस्त्यावर गेलेल्या जवानांसाठी : मनोरीचा जाहीरनामा

२४ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंबईतल्या मनोरी गावात घराघरांवर नाताळचे तारे लागले होते. त्याच संध्याकाळी पूंछ जिल्ह्यात, नियंत्रण रेषेजवळच्या बलनोई भागात, ११ मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांना चौकीकडे घेऊन निघालेली लष्करी गाडी रस्ता सोडून सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळली. त्या दिवशी पाच जण गेले. सुभेदार दयानंद तिरकण्णवर, लान्स हवालदार अनुप, नाईक घाडगे, शिपाई महेश, शिपाई निकुरे. घाडगे सातारा जिल्ह्यातले, निकुरे भंडारा जिल्ह्यातले, बाकीचे तिघे कर्नाटकातले. तिथे कुणी गोळी झाडली नव्हती, सुरुंग फुटला नव्हता. तो अपघात होता.

गावागावांत पार्थिवं आली, तिरंगा आला, हवेत फैरी झडल्या. चार दिवस बातम्या चालल्या. मग नवीन वर्ष उजाडलं आणि महाराष्ट्र पुढे गेला.

ही पहिली वेळ नव्हती. २७ मे २०२२ रोजी लडाखमध्ये तुर्तुककडे जाणारी जवानांची गाडी श्योक नदीच्या पात्रात कोसळली. गाडीत २६ जण होते, त्यांपैकी सात गेले. त्यांत सुभेदार विजय शिंदे साताऱ्याचे आणि नाईक प्रशांत जाधव कोल्हापूरचे. त्याच वर्षी २३ डिसेंबरला उत्तर सिक्कीममध्ये झेमा इथे एका तीव्र वळणावर ट्रक घसरला आणि १६ जवान गेले. १९ ऑगस्ट २०२३ ला लेह जिल्ह्यात कियारीजवळ नऊ जण गेले, त्यांतही एक साताऱ्याचा होता. हे सगळे एकत्र, कर्तव्यावर असताना गेले म्हणून त्यांची बातमी तरी झाली. सुट्टीवर आलेला, घरापासून चार किलोमीटरवर, रात्री मोटारसायकलवरून जाताना उभ्या ट्रेलरवर आदळलेला तेवीस वर्षांचा जवान जिल्ह्याच्या पानावर तळाशी चार ओळींत येतो. त्याच्या घरी जमलेली माणसं बाहेर अंगणात हलक्या आवाजात म्हणतात, ‘सीमेवर गेला असता तर नाव तरी झालं असतं.’

हे वाक्य आम्हाला यापुढे कुठल्याही अंगणात ऐकायचं नाही. त्यासाठी आम्ही, मनोरीचे आणि खाडीपलीकडच्या मालाड, कांदिवली, बोरिवलीतले रहिवासी, ही चळवळ सुरू करत आहोत. रस्त्यावर गेलेल्या प्रत्येक जवानाची आठवण ठेवायची, आणि ती रस्त्यावरच्या कामातून ठेवायची, हे या चळवळीचं सगळं म्हणणं आहे. पुढे जे लिहिलं आहे ते या एका म्हणण्याचा खुलासा आहे.

सुरुवात मनोरीतून का, असं विचारलं जाईल. मनोरी हे काही अपशिंगे नव्हे. साताऱ्यातल्या त्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली आणि आजही त्या गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. आमचं गाव कोळ्यांचं, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं, वाडीतल्या शेतकऱ्यांचं. पण आमच्या समोर, खाडी ओलांडली की मार्वे रस्त्यावर नौदलाचा ‘आयएनएस हमला’ हा प्रशिक्षण तळ आहे. कांदिवलीला लष्कराचा आयुध डेपो आहे. मालाडच्या चाळींत, बोरिवलीच्या सोसायट्यांत सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून आलेली हजारो कुटुंबं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी घरांतला एक पुतण्या, एक भाचा फौजेत आहे. उपनगराला वाटतं की सैनिक गावाकडे असतात. ते आपल्याच लोकलमध्ये काळी ट्रंक पायाशी घेऊन उभे असतात.

आणि मनोरीला रस्त्याची किंमत कळते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही आमच्याकडून मालाडला जायचं तर बोट, नाहीतर गोराई, उत्तनमार्गे भाईंदरचा लांबचा वळसा. शनिवार-रविवारी त्या अरुंद रस्त्यावर किनाऱ्यावरच्या रिसॉर्टकडे धावणाऱ्या गाड्या आणि मोटारसायकली पाहिल्या की आमच्या बायका मुलांना दारातून आत ओढतात. मार्वेच्या धक्क्यावर बोटीत दुचाकी चढवताना पाहा. फळीवरून गाडी ढकलत न्यायची, पुढे एक जण हँडल धरून, मागे दोघे. प्रत्येक जण दुसऱ्याला ‘सांभाळ’ म्हणतो. बोटीत चढताना एवढी काळजी घेणारा तोच माणूस पलीकडे उतरल्यावर हेल्मेट हाताच्या कोपरात अडकवून किक मारतो.

आता पहिली गोष्ट. मरणाची प्रतवारी आम्ही मानत नाही.

सरकारी दप्तराला वर्ग लागतात, हे आम्हाला कळतं. लढाईत झालेला मृत्यू वेगळा, सेवेशी संबंधित अपघातातला वेगळा, सेवेशी संबंध नसलेला आणखी वेगळा. त्यावरून घरच्यांचं निवृत्तिवेतन ठरतं. उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतकं, विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के, साधं ३० टक्के. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राचं सानुग्रह अनुदानही कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूसाठी २५ लाख आणि युद्धातल्या मृत्यूसाठी ४५ लाख असं ठरलं. अग्निवीराचा हिशोब याहून निराळा, त्याला ४८ लाखांचा विमा आहे पण कुटुंबाला नियमित निवृत्तिवेतन नाही. जवान सुट्टीवर घरी निघालेला किंवा युनिटकडे परत निघालेला असेल तर तो प्रवास नियमाप्रमाणे कर्तव्यात धरला जातो. पण घरी पोचल्यानंतर स्कूटरवरून बाजारात जाताना काही झालं, तर तो सेवेचा भाग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशाच एका प्रकरणात सांगितलं आहे. या नियमांत बदल व्हावेत की नाही, यावर माजी सैनिकांच्या संघटना बोलत आहेत आणि त्यांनी बोलत राहावं. ‘शहीद’ म्हणायचं की नाही या वादातही आम्हाला पडायचं नाही. आमचं म्हणणं गावापुरतं आहे. दप्तराचे वर्ग दप्तरात राहू देत, ते गावाने आपल्या मनात आणू नयेत. कोळीवाड्यात समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही, तर तो वादळात सापडला की शांत पाण्यात होडी उलटली, हे विचारून कुणी आपलं दुःख कमी-जास्त करत नाही. तो घरासाठी दर्यावर गेला होता एवढं पुरतं. जवानाच्या बाबतीत तो वर्दी घालून देशाच्या कामाला गेला होता, एवढं पुरायला हवं. वर्दी घडी करून ट्रंकेत ठेवलेली असली तरीही.

आपल्या पूर्वजांना ही समज होती. बोरिवलीच्या एकसर गावात शिलाहारकाळातले वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे, वल्ह्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. खाली लढाई, मग पडलेला वीर, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. मनोरीहून निघालं तर हे वीरगळ फार दूर नाहीत, तरी आमच्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेले नसतात. पण महाराष्ट्रभर विखुरलेले सगळे वीरगळ युद्धातल्या वीरांचे नाहीत. गुरं वाचवताना मेलेल्याचा वीरगळ आहे, वाघाशी झुंजताना गेलेल्याचा आहे, गावावर चालून आलेल्या चोरांपुढे उभा राहिलेल्याचा आहे. ज्या गावाने तो दगड उभा केला, त्याला मोठी लढाई लागली नाही. आपलं माणूस आपल्यासाठी उभं होतं, एवढं त्या गावाने दगडावर कोरून ठेवलं. ईस्ट इंडियन वस्त्यांतही हीच रीत दिसते. १८९६ च्या प्लेगनंतर वांद्र्यापासून वर उपनगरांत रस्त्याकडेला, गावाच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. शत्रू नव्हता, रणांगण नव्हतं, तरी लोकांनी आठवण उघड्यावर, येता-जाता दिसेल अशी ठेवली.

आज आपण काय करतो? फलक लावतो. त्या फलकावर जवानाचा पासपोर्ट फोटो एका कोपऱ्यात आणि ज्यांनी फलक लावला त्या चौघांचे फोटो त्याहून मोठे. पावसाळ्यात फलक फाटतो. मग चौकाला नाव देण्याचा वाद सुरू होतो, दोन गटांत भांडण लागतं, आणि जवानाची आई त्या भांडणात ओढली जाते. आणखी एक गोष्ट फार दुखते. रस्त्यावर गेलेल्या जवानाच्या पुण्यतिथीला त्याचे मित्र मोटारसायकल रॅली काढतात. शंभर गाड्या, झेंडे, डोक्यावर फेटे, एका गाडीवर तिघे, सायलेन्सर काढलेले. ज्या रस्त्याने मित्र नेला त्याच रस्त्यावर, ज्या पद्धतीने नेला त्याच पद्धतीने. त्यांचं प्रेम खरं आहे, यात आम्हाला शंका नाही. पण त्या रॅलीच्या शेवटी उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं असतं तर पुढच्या वर्षी ती निघाली नसती. आमच्या चळवळीच्या नावाने अशी एकही रॅली निघणार नाही. जे काढतील त्यांना आम्ही घरी जाऊन, हात जोडून थांबवू.

स्मरण कामाला कसं लागतं याचं एक उदाहरण आम्ही डोळ्यांसमोर ठेवलं आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने लढून जगभर नाव झालेला सैनिक, आपल्या घराजवळच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली होती. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण न्यूरोसर्जन होते. त्या मृत्यूने केर्न्स अस्वस्थ झाले. पुढे त्यांनी मोटारसायकलवरच्या लष्करी निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेले वाचतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वार निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. आज जगभर जे हेल्मेट डोक्यावर चढतं त्यामागे एका डॉक्टरने न विसरलेला एक मृत्यू आहे. लॉरेन्सचे पुतळे आहेत, त्याच्यावर सिनेमा आहे, पण त्याचं सर्वांत मोठं स्मारक आम्हाला तेच वाटतं. साताऱ्याच्या, भंडाऱ्याच्या, मालाडच्या मुलासाठी असं कुणी का करू नये?

आकडे वाचले की काम किती आहे ते कळतं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, पुढच्या वर्षी त्याहून जास्त. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक गेली. देशात गेलेल्यांपैकी दर तिघांतले दोघे १८ ते ४५ वयाचे, म्हणजे सैन्यात भरती होणाऱ्या आणि सैन्यात असणाऱ्या वयाचे. हेल्मेट न घातल्यामुळे त्या वर्षी ५० हजारांच्या वर माणसं गेली. चांगलं हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी करतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र छाननी करून सिद्ध झालेलं आहे. ‘नशिबात होतं’ म्हणणाऱ्याला आम्ही हे आकडे वाचून दाखवू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती. मग तिथे शून्य मृत्यूचं उद्दिष्ट ठेवून काम सुरू झालं, धोक्याच्या जागा शोधल्या गेल्या, कठडे बसले, रुग्णवाहिकांची व्यवस्था सुधारली, वेगावर नजर ठेवली गेली. काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. नशीब तेच होतं, घाटही तोच होता.

म्हणून आमची पहिली मागणी रस्त्याच्या मालकांकडे आहे, मग ते कुणीही असोत. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. आम्ही दहाची वाट पाहणार नाही. महाराष्ट्रात जिथे रस्ते अपघातात एक जवान गेला, त्या जागी वर्षाच्या आत जाऊन पाहणी झाली पाहिजे. वळणावर कठडा आहे का, दिवा आहे का, पट्टे पुसले गेलेत का, रस्त्याकडेला दिव्याविना ट्रक उभे राहतात का, दुभाजकाला गावकऱ्यांनी पाडलेलं खिंडार आहे का. जे सापडेल ते दुरुस्त व्हावं आणि दुरुस्त झालेल्या जागी एक लहान पाटी लागावी. नाव, पलटण, वर्ष. मंत्र्याचं नाव नको, आमच्या चळवळीचंही नको.

दुसरी मागणी संरक्षण मंत्रालयाकडे. डोंगरातल्या अशा प्रत्येक अपघातानंतर लष्कर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवतं. ती शिस्त चांगली आहे. पण तिचे निष्कर्ष बहुधा आतच राहतात. सीमेवरच्या हालचालींची माहिती आम्हाला नको आहे. गाडी किती जुनी होती, चालक किती तास जागा होता, बर्फात तो रस्ता संध्याकाळी वापरायला हवा होता का, कठडा होता का, एवढं जाहीर करायला कुठलं गुपित फुटतं? सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेचे मजूर आणि जवान स्वतः त्या डोंगरांत मरतात. त्यांच्यावर आमचा रोख नाही, उलट त्यांचीही नावं आमच्या नोंदीत असतील. दरवर्षी सेवेत असताना रस्ते अपघातात किती जवान गेले, कर्तव्यावर किती आणि रजेवर किती, हा आकडा संसदेसमोर यावा. आपण जे मोजत नाही ते आपल्याला दिसतही नाही, आणि या जवानांच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे.

पण सगळं सरकारवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. सुट्टीवरचा जवान घरी येतो तेव्हा गावाने काय करायचं, हे गावालाच ठरवावं लागेल. जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुण्याला यायला दोन रात्री जातात. स्वराज एक्सप्रेसने बोरिवलीला उतरायलाही दीड दिवस. तिकीट कन्फर्म नसेल तर तो मुलगा शौचालयाजवळ ट्रंकेवर बसून आलेला असतो. त्याआधी चौकीवरून खाली यायला दोन दिवस, बर्फात गाडी अडकली तर तीन. अशा मुलाला स्टेशनवरून न्यायला कुणीतरी जा. तो ‘येतो मी, काळजी करू नका’ म्हणेल, तरी जा. घरी आल्यावर पहिल्या रात्री त्याला झोपू द्या. मित्रांनो, त्याला त्याच रात्री फिरायला नेऊ नका. सहा महिन्यांनी घरी आलेल्या मुलाच्या हातात मोटारसायकलची किल्ली देताना हेल्मेटही द्या. सीमेवर तो हुकुमाशिवाय पाऊल टाकत नाही, घरी त्याला हुकूम देणारं कुणी नसतं. ते काम आईने, वहिनीने, मित्राने करायचं. जवानाच्या आईला आणि बायकोला आम्ही हात जोडून सांगतो, रागावून बोला, अबोला धरा, पण हेल्मेटशिवाय त्याला उंबरा ओलांडू देऊ नका. आणि पहिल्या पगारात महागडी मोटारसायकल घेणाऱ्या अग्निवीराला त्याच्या वडलांनी विचारावं, गाडीला इतके दिले, डोक्याला किती दिलेस?

जखमी माणूस रस्त्यावर पडलेला दिसला तर उचला. हे सांगायला लागू नये, पण लागतं, कारण पोलिसांच्या फेऱ्यांची भीती अजून गेलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर कुठलाही गुन्हा लागत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होणं त्याच्या मर्जीवर आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार रोकड न भरता मिळू शकतात. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावता येतो. हे सगळे मुद्दे आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतील. मनोरीत तर हे जिवावरचं काम आहे. मोठं रुग्णालय खाडीपलीकडे, कांदिवली किंवा बोरिवलीत. कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला सोनेरी तास म्हटलं आहे, आमचा तो तास भरती-ओहोटी आणि बोटीच्या वेळा पाहून संपतो. म्हणून आमचं पहिलं प्रत्यक्ष काम मनोरीच्या धक्क्यापासून सुरू होईल. धक्क्यावर एक स्ट्रेचर, रक्त थांबवायची पट्टी, मानेला आधार देण्याचं साहित्य, आणि ते वापरायला शिकलेली माणसं. फेरीबोट चालवणाऱ्यांना आम्ही विनंती करू की जखमी आला तर बोट भरायची वाट पाहू नये. ही विनंती ते मानतील असा आम्हाला विश्वास आहे, दर्यावर मदतीला नाही म्हणायची रीत नाही.

यानंतर नोंदवही. महाराष्ट्रातल्या, बेळगाव-निपाणी-कारवार भागातल्या, गोव्यातल्या, आणि देशात कुठेही राहणाऱ्या मराठी घरांतल्या ज्या जवानांचा मृत्यू रस्त्यावर झाला, त्यांची नावं आम्ही गोळा करणार आहोत. लष्कर, नौदल, हवाईदल, निमलष्करी दलं, सगळी. आम्हाला रक्ताळलेले फोटो नकोत, व्हिडिओ नकोत. नाव, गाव, पलटण, वर्ष, रस्ता. घरच्यांनी परवानगी दिली तरच. त्यापुढे एक रकाना असेल, त्या जागेवर नंतर काय बदललं. आज हा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा असेल. तो भरणं हे या चळवळीचं वर्षभराचं काम. आणखी एक काम याला जोडून येतं. रजेवर अपघात झाला की मृत्यू सेवेशी संबंधित होता का, हे कागदांवर ठरतं. रजेचा पास, रेल्वेचं तिकीट, प्रवासाची तारीख, पंचनामा. दुःखात बुडालेल्या घरात हे कागद हरवतात आणि मग वीस वर्षं खेटे पडतात. आमच्यातले माजी सैनिक आणि वकील पहिल्या आठवड्यातच त्या घरी जाऊन हे कागद एका पिशवीत ठेवतील आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारापर्यंत सोबत जातील. पैसे किती मिळतील याचं आश्वासन कुणीही देणार नाही.

या चळवळीत कुठल्याही पक्षाचा झेंडा नसेल. युद्ध हवं की नको, यावर इथे चर्चा होणार नाही. पाकिस्तानला शिव्या देण्याचा हा मंच नाही. हिंदू घरात सर्वपित्रीला पान वाढलं जातं, ख्रिस्ती घरं २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतात, मुसलमान घरं शब-ए-बरातला कबरस्तानात जातात. ज्याची त्याची रीत त्याच्या घरी राहील. आम्हाला सगळ्यांचा एक दिवस हवा होता, आणि तो शोधायला दूर जावं लागलं नाही. नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातांत गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या अपघातग्रस्तांच्या घरच्यांनी तो सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारला. महाराष्ट्रात तो फारसा कुणाला माहीत नाही. यापुढे मनोरीत तो पाळला जाईल.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता मनोरीच्या धक्क्यावर या. मालाडकडून येणाऱ्यांनी मार्वेहून बोट धरावी, भाईंदरकडून येणाऱ्यांनी उत्तनमार्गे यावं. फुलं आणू नका, हार आणू नका. तुमच्या ओळखीतल्या, रस्त्यावर गेलेल्या एका जवानाचं नाव कागदावर लिहून आणा, आणि तो जिथे गेला त्या जागेचा पत्ता. दुचाकीवरून येणार असाल तर हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यालाही घालायला लावा. नावं वाचून झाली की दुपारपर्यंत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे. त्याला थांबा.